अर्ज, अहवाल आणि ऱ्हस्व-दीर्घ

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात, घाटकोपर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'भाषातज्ञ' असे छापले आहे. त्यात दोन चुका आहेत. पहिली अशी की मी तज्ज्ञ नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि त्यानंतर बँकेत लिपिक म्हणून लागलो, तो आजतागायत काउंटरवरच आहे. दुसरी चूक अशी की 'तज्ज्ञ' या शब्दात एक अर्धा ज आणखी हवा. तत् अधिक ज्ञ, म्हणजे 'ते जाणणारा'. संधी होऊन 'तज्ज्ञ'. पत्रिका मीच तपासून द्यायची होती, पण ती माझ्या हाती आली तेव्हा छापून झाली होती. असो. आपल्या स्मरणिकेची मुद्रिते तपासण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, एवढाच या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार.

हा विषय मी स्वतःहून मागून घेतला, त्याला एक कारण घडले. मागील बुद्ध पौर्णिमेला विहाराबाहेर जो मोठा फलक लागला होता त्यावर 'बुध्द' असे छापून आले होते. आपल्यातल्याच काही मुलांनी त्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवला आणि खाली हसण्याची चित्रे टाकली. फलक ज्या दादांनी करून आणला ते दिवसभर रिक्षा चालवतात. वर्गणी गोळा करून, रात्री अकरा वाजता छपाईवाल्याकडे बसून त्यांनी तो फलक करून घेतला होता. दुसऱ्या दिवशी वंदनेच्या वेळी ते मागे चपलांच्या जागेपाशी उभे होते. मला म्हणाले, "भाऊ, चूक नक्की काय होती ते तरी सांगा. सगळे हसले, पण सांगितलं कोणीच नाही."

मी हसणाऱ्यांपैकी दोघांना विचारले. त्यांनाही सांगता आले नाही. फलक चुकीचा दिसतो एवढेच त्यांना ठाऊक होते.

तर आधी ते सांगतो. 'बुद्ध' या शब्दात अर्धा द आधी आणि पूर्ण ध नंतर येतो. सावकाश उच्चार करून पाहा, द वर क्षणभर थांबून आपण ध म्हणतो. 'बुध्द' लिहिले की क्रम उलटतो, अर्धा ध आणि मग द, आणि तसा उच्चार आपल्यापैकी कोणीच करत नाही. घोटाळा होतो तो या जोडाक्षराच्या ठेवणीमुळे. द च्या पोटाखाली ध लटकतो, त्यामुळे कोण आधी आणि कोण नंतर हे नुसत्या नजरेला कळत नाही. मग टंकताना ज्याच्या मनात जे येईल ती कळ आधी दाबली जाते. हा एक क्रम लक्षात ठेवला की सिद्धार्थ, शुद्ध, प्रसिद्ध, पद्धत, उद्धार, युद्ध, श्रद्धांजली, बौद्ध हे सगळे शब्द एका दमात सुधारतात. आपल्या संस्थेच्या नावातच तो शब्द आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती घरातली आहे. माझे वडील भांडुपच्या एका कारखान्यात कामाला होते. शिक्षण चौथीपर्यंत. मी सातवीत असताना गावी आजी आजारी पडली आणि रजेचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या ऐटीत लिहिले, 'रजा मिळने बाबत'. आमच्या घरात 'पानी', 'आनि', 'कोन' असेच बोलत, मीही तसेच बोलत होतो आणि जसे बोलत होतो तसे लिहिले. कारखान्याच्या कचेरीतल्या बाबूने तो अर्ज चारचौघांत मोठ्याने वाचला, प्रत्येक न ला लाल शाईने गोल केला आणि वर एक वाक्य बोलला. ते वाक्य मी इथे सांगत नाही. आपल्यापैकी ज्यांनी असे ऐकले आहे त्यांना ते पाठ असेल. रजा मिळाली. वडिलांनी तो कागद मात्र परत मागून घेतला, घडी घालून घरी आणला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "यातलं बरोबर काय ते शिकून घे. मग मलाही सांग."

त्या बाबूचे बोलणे नीच होते. त्याने गोल केलेली अक्षरे मात्र खरोखरच चुकली होती. मित्रहो, आजच्या विषयाची अडचण नेमकी हीच आहे. आपल्याकडे या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्दच सोवळ्याओवळ्यातून आलेले आहेत, भाषेत विटाळ कसला? दुसरा म्हणतो, बाबांनो, नोकरी पाहिजे तर निमूट नियम पाळा. मला दोघांचेही थोडे पटते.

पहिल्या पक्षाच्या बाजूने पुष्कळ पुरावा आहे. महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ साली आली. पुढच्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली आणि तिच्यात जोतीरावांच्या लेखनातील व्याकरणाच्या चुका काढून त्यांची यथेच्छ टवाळी करण्यात आली. जोतीराव जो प्रश्न विचारत होते त्याला उत्तर देण्यापेक्षा त्यांची विभक्ती चुकली हे दाखवणे सोपे होते. व्याकरणाचा हा वापर आजही होतो. सभेत कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की त्याचा उच्चार पकडायचा.

शिवाय हे नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात दस्तऐवज मोडी लिपीत लिहीत. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी असा भेद सहसा पाळतच नसत, आणि पूर्णविराम, स्वल्पविरामही नव्हते. विरामचिन्हे इंग्रजीवरून आली. ती मराठीत रुळवण्यात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्या वेलांटीवरून आज आपण एकमेकांना हसतो ती न पाळता शेकडो वर्षे जमिनीचे व्यवहार सुखरूप चालले. नंतर देवनागरी छपाई आली आणि लेखनाला शिस्त लावण्याची गरज पडली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले. याच दादोबांचा १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत पुढाकार होता, आणि ती सभा जातिभेद मोडण्यासाठी होती, हे व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सांगत नाहीत. म्हणून व्याकरण लिहिणारे सगळे एकाच माळेचे मणी होते असेही म्हणता येत नाही.

आपण आज जे नियम पाळतो ते तर अगदी अलीकडचे आहेत. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार घातले. अठरा नियम, त्यात सगळे आले. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'पांच' असे अनुस्वार देत. 'मूकनायक' १९२० साली निघाला, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली; त्या अंकांची पाने पाहिलीत तर हे जुने अनुस्वार तुम्हांला भेटतील. मागे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते की बाबासाहेबांच्या लेखात इतक्या चुका कशा. त्या चुका नव्हेत. त्या काळी तेच बरोबर होते. उलट त्या पानांकडे दुसऱ्या कारणासाठी पाहा. 'बहिष्कृत भारता'चे बहुतेक रकाने बाबासाहेब स्वतः लिहून काढीत. हाताशी पगारी संपादकवर्ग नव्हता, पैसा नव्हता, तिकडे महाडचा लढा चालू होता, आणि तरी मजकूर असा की प्रतिपक्षाला व्याकरणावरून बोट ठेवायला जागा मिळू नये. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत आपल्या कष्टाने मिळवले आणि पाली तर इतके की पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांची सामग्री त्यांनी सिद्ध केली. महाराष्ट्र शासनाने ती १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापली. ज्या माणसाला एका भाषेचे दार बंद केले त्याने शब्दकोश करावा, ही गोष्ट मला त्यांच्या मोठमोठ्या पदव्यांपेक्षाही विचार करायला लावते. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात दर्जा दिला तो मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी दिला, हेही जाता जाता नोंदवतो.

आता कोणी म्हणेल, मग अण्णाभाऊंचे काय? रास्त प्रश्न आहे, आणि घाटकोपरात तर तो विचारलाच पाहिजे. अण्णाभाऊ साठे इथल्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले, आणि 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. शाळेचा उंबरठा त्यांनी जेमतेम ओलांडला होता. त्यांच्या माणसांच्या तोंडी जी भाषा आहे ती कोणी 'शुद्ध' करायला गेला तर पुस्तक मरून जाईल. बाबुराव बागूल, दया पवार, नामदेव ढसाळ यांनीही वस्तीची भाषा जशीच्या तशी पुस्तकात आणली आणि मराठी वाङ्मयाला ती मान्य करायला लावली. म्हणून बोलीला अशुद्ध म्हणू नका. माझी आई शेवटपर्यंत 'पानी' म्हणाली आणि ते पाणी तितकेच गोड होते. पण एक भेद ध्यानात घ्या. अण्णाभाऊंनी कथेत बोली वापरली ती समजून उमजून. आपण रजेच्या अर्जात न लिहितो तो ण माहीत नाही म्हणून. ण माहीत असून न लिहायचा की नाही हे ठरवणे, आणि न शिवाय दुसरे काही हाताशीच नसणे, या दोन अवस्था सारख्या नाहीत. मी स्वतः 'शुद्धलेखन' ऐवजी 'प्रमाणलेखन' हा शब्द पसंत करतो. सगळ्यांनी मिळून ठरवलेले एक माप, एवढाच त्याचा अर्थ. बाजारात किलोचे वजन असते, तसे. आपल्या घरच्या पायलीला कोणी नावे ठेवत नाही, पण व्यवहाराला किलो लागतो.

व्यवहाराचा विषय निघाला तर बँकेतले दोन अनुभव सांगतो. धनादेशावर रक्कम अंकात एक आणि अक्षरात दुसरी लिहिली असेल तर कायद्याने कोणती धरायची? परक्राम्य लेखांचा कायदा १८८१ सालचा आहे, त्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे अक्षरातली. अंकापेक्षा शब्दाला जास्त वजन देणारा हा कायदा मला फार आवडतो. प्रत्यक्षात मात्र फरक दिसला की बँक धनादेश परतच करते, आणि खाडाखोड केलेला धनादेशही आता चालत नाही. नवा लिहावा लागतो. आणि हो, तो शब्द 'रुपये' आहे, पहिला उकार ऱ्हस्व. 'रूप' मध्ये दीर्घ, 'रुपये' मध्ये ऱ्हस्व. दिवसातून पन्नास वेळा 'रूपये' पाहतो, म्हणून सांगितले.

दुसरा अनुभव नावांचा. शिष्यवृत्तीचे पैसे आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. आडनाव शाळेच्या दाखल्यावर 'सोनवणे', आधार कार्डावर 'सोनावणे', आणि इंग्रजीत तर दोन कार्डांवर तीन प्रकार. मग मुलगी महिनाभर कॉलेज, सेतू केंद्र आणि बँक अशा फेऱ्या घालते. आई रोजंदारी बुडवून तिच्याबरोबर येते. एका कान्याची किंमत किती, हे मला व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या काउंटरवर जास्त कळले. तेव्हा आज घरी गेल्यावर पहिले काम हे करा: दाखला, जातीचे प्रमाणपत्र, आधार कार्ड, गुणपत्रिका आणि बँकेचे पुस्तक हे पाच कागद एका ओळीत मांडा आणि आपले, वडिलांचे, आईचे नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा. फरक सापडला तर बारावीचा अर्ज भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. नंतर करायचे म्हटले तर राजपत्रापर्यंत जावे लागते.

आता थोडे नियमांकडे. अठराही नियम सांगत बसत नाही. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या बहुतेकांकडे असतेच, आणि ठाण्याचे अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' शब्द बघायला उत्तम आहे. पोलीस भरतीला मराठी व्याकरण असते, बँकेच्या लिपिक भरतीला राज्यभाषेची चाचणी असते, तेव्हा पुस्तक घेतलेत तर वाया जाणार नाही. मी फक्त आपल्या निमंत्रणपत्रिकांत आणि अर्जांत नेहमी जे चुकते तेवढे सांगतो.

शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार मराठीत दीर्घ. जयंती, समिती, उपस्थिती, बुद्धी, शिष्यवृत्ती, भिक्खू. अपवाद थोडे, त्यांत रोज लागणारे 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि'. 'आणी' असे कधीही लिहू नका. 'की' मात्र दीर्घ. पाली वंदनेला हा नियम लावायचा नाही. तिथे पाली भाषेचेच लेखन ठेवायचे, म्हणून 'गच्छामि' ऱ्हस्वच. आपल्या वंदनेच्या पुस्तिकेत ते एका पानावर ऱ्हस्व आणि दुसऱ्या पानावर दीर्घ आहे, तेही या वर्षी नीट करायचे आहे. संस्कृतातून आलेल्या अशा शब्दाला पुढे दुसरा शब्द जोडला तर वेलांटी मुळासारखी ऱ्हस्व होते: बुद्धी पण बुद्धिवाद, वसती पण वसतिगृह, विद्यार्थी पण विद्यार्थिदशा. 'विद्यार्थिनी' मधली थि देखील ऱ्हस्व.

शेवटी 'इत' किंवा 'इक' आलेले संस्कृत शब्द ऱ्हस्व, आणि 'ईय' आलेले दीर्घ. आयोजित, प्रकाशित, दलित, शोषित; सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक, आर्थिक; भारतीय, राष्ट्रीय, आदरणीय. 'पीडित' मध्ये पहिली दीर्घ, दुसरी ऱ्हस्व, हे बहुतेकजण उलटे लिहितात. आपली निमंत्रणपत्रिका काढून पाहा. एवढ्या एका नियमाने निम्मी पत्रिका सुधारते. मग उरतात ते थोडे सुटे शब्द. पंचशील मधली वेलांटी दीर्घ, महापरिनिर्वाण मधल्या दोन्ही ऱ्हस्व, शिबिर दोन्ही ऱ्हस्व, परीक्षा दीर्घ, निमित्त मध्ये 'त्त', महत्त्व आणि तत्त्व यांत दोन त, आशीर्वाद मध्ये रफार व वर. आणि 'जय भीम' मधली वेलांटी दीर्घ. तिच्यात चूक झाली तर मला स्वतःला फार टोचते.

आणखी एक, अनुस्वाराचे. 'बाबासाहेबानी' असे लिहिले तर नुसती व्याकरणाची चूक होत नाही, मान कमी होतो. आदरार्थी बहुवचन आहे, तिथे टिंब हवेच: बाबासाहेबांनी, रमाईंनी, आईंना, गुरुजींचे.

अर्जाबद्दल एकच सांगतो. माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे आणि तो अर्ज मराठीतून करता येतो. पाणी, शौचालय, रेशन, पुनर्विकास, कशाहीबद्दल. अर्जात आपण तीन पाने अन्यायाचे वर्णन करतो आणि नेमकी कोणती माहिती हवी ते लिहीतच नाही. एका वाक्यात एकच मागणी घाला. तारीख, जावक क्रमांक, कार्यालयाचे नाव नीट घाला. चुकलेल्या वेलांटीमुळे अर्ज फेटाळता येत नाही, पण चुकलेल्या तारखेमुळे वर्षभर लोंबकळतो.

इथून मी मुद्रितशोधनाकडे येतो, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासण्याकडे. जुन्या छापखान्यांत खिळे जुळवत, तेव्हा छपाईतल्या चुकीला 'मुद्राराक्षस' म्हणत. विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचे हे नाव कोणा विनोदी माणसाने छापखान्याला लावले आणि ते चिकटले. खिळे गेले, संगणक आला, राक्षस आहे तिथेच आहे. उलट मोबाइल आता आपल्या वतीने शब्द निवडतो, त्यामुळे राक्षसाला नोकर मिळाला.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वीच्या आपल्या स्मरणिकेत स्मरणार्थ देणग्यांची यादी होती. 'कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ, आयुष्मान तमुक यांजकडून' अशा ओळी. ते पान मी स्वतः दोनदा तपासले होते. एकही वेलांटी चुकली नव्हती, 'स्मरणार्थ' वरचा रफारही जागच्या जागी. पण एका ओळीत बापलेकांची नावे उलटी पडली. जे वडील वारले होते ते देणगीदार झाले आणि हिंडता-फिरता मुलगा कालकथित. प्रती वाटून झाल्यावर चार दिवसांनी त्या घरातल्या माई आल्या. स्मरणिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, हे पान फाडून देता येईल का? घरात ठेववत नाही, आणि पुस्तकावर बुद्धाचा फोटो आहे म्हणून टाकवतही नाही."

आम्ही शुद्धिपत्र छापले, उरलेल्या प्रतींत चिकटवले, घरोघरी जाऊन मिळतील तेवढ्या प्रतींत लावले. सगळ्या मिळाल्या नाहीत. त्या दिवसानंतर मी तपासण्याची रीत बदलली, आणि तीच तुम्हांला देतो.

आपण लिहिलेले आपण तपासायचे नाही. निदान त्याच दिवशी नाही. डोळा जे मनात आहे ते वाचतो, कागदावर आहे ते नाही. दोघांनी बसायचे. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम आणि कंससुद्धा उच्चारून, आणि दुसऱ्याने मुद्रितावर पेन्सिल फिरवायची. पहिल्या वाचनात फक्त मजकूर. मग नावे वेगळी, आणि ती यादीच्या शेवटून वर वाचायची, म्हणजे ओघात डोळा घसरत नाही. मग आकडे वेगळे, बेरजेसकट. शेवटी मथळे, कारण सर्वांत मोठ्या अक्षरातली चूक कोणालाच दिसत नाही. त्या फलकाचे तेच झाले. राहिलेला शब्द घालायचा असेल तर ओळीत काकपदाची खूण करून शब्द समासात लिहायचा, ओळीच्या डोक्यावर कोंबायचा नाही. आणि दुरुस्ती करून आलेले पान पुन्हा बघायचे, फक्त तो शब्द नव्हे, अख्खी ओळ. एक चूक काढताना छपाईवाल्याच्या हातून शेजारी दुसरी होते, हा माझा ठाम अनुभव आहे.

नोकरीच्या अर्जाला, परीक्षेच्या फॉर्मला, कॉलेजच्या प्रकल्पाला हीच रीत. मित्राला वाचायला सांगा, तुम्ही पेन्सिल धरा. पहिले मत बनते ते त्या कागदावरून, आपण खोलीत शिरण्याच्या आधीच. आणि आपल्या मुलांच्या कागदाकडे काही ठिकाणी जरा जास्तच बारकाईने पाहिले जाते, हे मी लपवून ठेवणार नाही. ते अन्यायाचे आहे. त्यासाठी भांडू. पण अर्ज तोवर थांबत नाही.

ज्येष्ठांबद्दल एक विनंती करतो. आपल्या संस्थेची जुनी इतिवृत्ते मी वाचली आहेत. त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण १९८० नंतरचा पै-पैचा हिशेब त्यांत आहे, कोणी किती वर्गणी दिली, भिंतीला किती विटा लागल्या, सगळे आहे. ती वही लिहिणारे काका आज समोर बसले आहेत. कोणी तरुण ती वही उघडून हसला तर मला सांगा, त्याला मी यंदाच्या जमाखर्चाची पाने तपासायला देतो.

या वर्षीच्या स्मरणिकेची मुद्रिते येत्या रविवारी येतील. दुपारी चार वाजता विहारात बसू. लाल पेन आणि पेन्सिल आपापली आणायची, चहा संस्थेचा. एकेका पानाला दोघे लागतील, म्हणून किमान बारा जण हवेत. फलकवाले दादा मोठ्याने वाचायला बसणार आहेत, त्यांचा आवाज खणखणीत आहे, आणि आता द्ध आला की ते थांबून सांगतात, "आधी द." नावांच्या यादीला त्या माई बसतात. गेली तीन वर्षे बसतात. अक्षरे लावत हळूहळू वाचतात, पण वस्तीतले कोण हयात आहे, कोण कोणाचा मुलगा आणि कोणाची सून, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्यांनी मान हलवल्याशिवाय ते पान छपाईला जात नाही. त्यांच्या शेजारी पेन्सिल धरायला एक जण लागेल. ज्याला यायचे असेल त्याने कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे, आणि ते स्वतःच्या हाताने लिहून द्यावे.

जय भीम. नमो बुद्धाय.